तिसरी हाक

त्या दुपारी मला हाक ऐकू आली होती आणि मी ओ दिली नाही. ती ऐकूच आली नाही, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. ते खोटं होतं.

आळेफाट्यावर माझं टायरचं दुकान आहे. दिवसभर ट्रकांचे हॉर्न, हवेचा पंप, लोखंडावर लोखंड. पन्नाशीनंतर मला एकट्यानं कुठंतरी पाण्याकाठी जाऊन बसायची सवय लागली. त्या चैत्रात एका गिऱ्हाइकानं सांगितलं, आंबेगावच्या डोंगरात धरणाचं पाणी ओसरलं की फुगवट्याची एक शेंडी मागं कोंडून राहते. चहूबाजूंनी झाडी, मधे हिरवं पाणी, बाहेरचं कुणी फिरकत नाही. दुकान बंद असतं त्या दिवशी सकाळच्या एसटीनं घोडेगावला आणि तिथून जीपनं वर गेलो.

जीप उतरवते तिथं एक वाडी. वाडीच्या शेवटच्या घरापासून पायवाट पाण्याकडं जाते. त्या घराच्या अंगणात एक म्हातारी वाळत घातलेला हिरडा हातानं पसरत होती.

"कुठं निघालात पावणं?"

"खाली पाण्यावर. बसतो जरा."

"एकटंच?"

"एकटाच."

तिचा हात थांबला. "जावा. पर येताना हितनंच या. तोंड दाखवून जायचं. आमच्यात तसं हाय."

"येतो की मावशी. चहा टाकून ठेवा."

"चहा काय, जेवाय थांबा. पर या."

खाली वारा अजिबात नव्हता. पाणी हिरवं, तरी नितळ. काठावरून पाहिलं तर तळाशी शेताचा रचीव बांध दिसत होता, सरळ खोलात गेलेला. बुडून पांढरी पडलेली झाडं पाण्याबाहेर डोकी काढून उभी होती. त्यांच्यावर एकही पक्षी नव्हता. मी कपडे काढून गळ्याएवढ्या पाण्यात उतरलो. वरचं पाणी कोमट, पायाशी एकदम गार. तळव्याला काहीतरी सपाट, गुळगुळीत लागलं. श्वास रोखून पाहिलं तेव्हा कळलं, ती एका घराची पायरी होती आणि तिच्या पलीकडं उंबरठा होता. मी कुणाच्या तरी दारात उभा होतो.

तसाच मागं फिरलो. अंग पुसून पंचा एका खोडावर टाकला, कपडे घातले आणि बसून राहिलो. जावंसं वाटत होतं, पण पाण्याकडं पाठ करायचा धीर होत नव्हता.

तेव्हा हाक आली. "पावणं ओऽऽ!" लांबवलेली, ना बाईची ना पुरुषाची. डोंगरांमुळं असेल, पण ती वरून नाही, त्या उंबरठ्याच्या बाजूनं आली असं वाटलं.

आमच्या गावी, राजुरीत, लहानपणापासून अंगात भिनलेली एक गोष्ट आहे. भर दुपारी पाण्यापाशी न दिसणाऱ्यानं हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तो तिसऱ्यांदा हाक मारतो. दुसरं काही असेल तर ते दोनावर थांबतं. शहाण्यासुरत्या वयाचा मी, ओठ आवळून बसलो. दुसरी हाक आली, आधीपेक्षा लांब. ती पाण्यावर फिरली आणि विरली. मी तिसरीची वाट पाहत राहिलो.

ती आलीच नाही.

मी पायवाटेकडं गेलो नाही. समोरच्या काठानं, झाडीतून ओरबाडून घेत डांबरी रस्ता गाठला. जीप मिळाली. एसटीत बसल्यावर आठवलं, पंचा तिथंच राहिला. म्हातारीही आठवली. म्हटलं जाऊ दे, ती कशाला वाट बघतेय.

तीनेक आठवड्यांनी कामासाठी घोडेगावला गेलो होतो. स्टँडजवळ चहा पीत होतो. शेजारच्या बाकावर एक जीपवाला दुसऱ्याला सांगत होता.

"त्या पाण्यावर आता कोण जात नाय. एक पावणा बुडाला तिथं."

"घावला का?"

"पंचा घावला फक्त. म्हातारीनं वरनं दोन कुकारे घातले. ओ नाय. मंग तिचा ल्योक उतरला. अंधार पडंस्तोवर बुड्या मारत व्हता. बुडाल्या झाडात पाय आडाकला, राव, मरता मरता वाचला. आजून खोकतोय."

"आरं, मंग तिसरा कुकारा घालायचा की आधी!"

"येडा का खुळा? तिसरा बुडाल्याला घालत्यात, मढं वर यावं म्हणून. तो दुसऱ्या दिशी घातला, समद्या वाडीनं मिळून."

ती सगळी माणसं काठावर उभी राहून मला पाण्यातून वर बोलावत होती, आणि मी दुकानात ट्यूबला ठिगळ लावत होतो.

"दहाव्याला भात बी ठेवला. नाव म्हाईत नाय, पावण्याच्या नावानंच ठेवला. तर राव, कावळा झटक्यात शिवला! आमच्या आज्यानं दुपारपातूर ताटकळत ठेवलं व्हतं समद्यांना."

सगळे हसले. मीही हसलो.

"पर बायकांचं हाल झालं," तो म्हणाला. "मेल्या माणसाचं पाणी कोण पिणार? पार पल्याडच्या झऱ्यावर जात्यात, हंडा घिऊन. मासं बी कोण धरत नाय. त्या ल्योकाचं तर त्याच्यावरच चालायचं उन्हाळाभर."

तिथंच बोलायला हवं होतं. मी चहा संपवला आणि आळेफाट्याला परत आलो. पुढचे कितीतरी दिवस दुकानात कुणी मागून "शेठ" म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. जायचं ठरवायचो आणि मोडायचो. मार पडेल ही भीती होतीच. पण त्याहून एक विचित्र गोष्ट वाटायची. त्यांनी मला इतक्या नीट पोचवलं होतं, कावळाही शिवला होता, आणि आता मी कोणत्या तोंडानं उभा राहणार?

वैशाख संपत आला तेव्हा गेलो. वाडीच्या चढावर दोघी जणी हंडे घेऊन थांबत थांबत येत होत्या. मला पाहून एकीचा हंडा कलला. म्हातारी अंगणातच होती. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "पाय दाखव."

मी चपला काढल्या, पँट वर केली. पावलं पुढंच आहेत हे तिनं वाकून पाहिलं. तोवर तिचा मुलगा दारात आला, छातीशी हात धरून.

"मी बुडालो नव्हतो," मी म्हणालो. "दुसऱ्या बाजूनं निघून गेलो."

"आन् आयेचा कुकारा?" त्यानं विचारलं. "ऐकू आला नाय?"

नाही म्हणणं फार सोपं होतं. "आला. दोन्ही वेळा. भ्यालो मी."

"मंग ओ द्यायला काय जात व्हतं रं तुझं?" म्हातारी म्हणाली. तिचा आवाज फाटला. "माझं पोर गेलं असतं."

मी तिच्या पायाशी वाकलो तर ती मागं सरली. "मला नको सांगू. बायकांना सांग. पाण्यापाशी चल आन् तिथं सांग."

सगळी वाडी खाली उतरली. पाणी आणखी आटलं होतं, बांधाचे दगड उघडे पडले होते. बायका काठापासून लांबच थांबल्या. मी एकटा पुढं गेलो, ओंजळ भरली आणि सगळ्यांच्या देखत प्यालो. पुन्हा भरली, पुन्हा प्यालो. मग त्यांच्याकडं वळलो.

"ह्या पाण्यात कुणी मेलेलं नाही," मी म्हणालो. "तुम्ही हाक मारली ती मी ऐकली आणि गप्प बसलो. माझ्यामुळं ह्यांचा जीव जाणार होता, माझ्यामुळं तुमचं पाणी तुटलं. कळल्यावरसुद्धा मी इतके दिवस आलो नाही. माझं चुकलं. मला माफ करा."