आमच्या नाकांना न येणारा वास

गाडी विकणाऱ्यानं आम्हाला फसवलं, हे आधीच लिहून टाकते. पुढं जे झालं त्यात त्याचा दोष थोडाच उरतो, आणि तो थोडाही मला सोडायचा नाही.

पप्पा रिक्षावाले. शाळेची मुलं ने-आण करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. पण आता पालकांना रिक्षा नको, व्हॅन पाहिजे. म्हणून गेल्या उन्हाळ्यात पप्पांनी रिक्षा विकली आणि एक जुनी व्हॅन घेतली. घरात एकच बोली झाली होती. जूनमध्ये सात मुलं मिळाली आणि व्हॅन भरली, की आईनं बिड्या वळायचं सोडायचं. आई लग्नाआधीपासून बिड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. दोन वर्षांपासून तिचं बोलणं अधूनमधून खोकल्यात तुटतं. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तंबाखूची धूळ बंद करा. आई म्हणाली, "करते की. गाडी भरू द्या."

तर गाडी. विकणारा म्हणाला, "रिटायर मास्तरांची हाय. देवाला जायचं सोडून कुटं भाईर न्हाय काढली." डॅशबोर्डवर लिंबाच्या वासाची डबी चिकटवलेली होती. पप्पांनी आत डोकं घातलं, मी घातलं, आईनं तर सीटला नाक लावून बघितलं. "लिंबू," ती म्हणाली. झालं. आई तिथूनच कारखान्यात बिड्यांचे कट्टे द्यायला गेली, गाडी घरी आली.

दुसऱ्या दिवशी विजापूर रोडला एका सोसायटीच्या गेटसमोर पप्पांनी ती दाखवायला नेली. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मीही सोबत होते. पाच-सहा आया खाली आल्या, एक आजोबा आले. पप्पांनी दार सरकवलं. पहिली बाई आत वाकली आणि लगेच मागं सरकली.

"काका, गाडीत बिडी ओढता का तुम्ही?"

"न्हाय ओ ताई. मी सुपारीचं खांड पन खात न्हाय."

"मग हा वास कसला?"

"लिंबाचा," पप्पा म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

आजोबा डाव्या तळहातावर तंबाखू मळत उभे होते. त्यांनी चुना लावला, चिमूट ओठाखाली दाबली आणि निकाल दिला, "तंबाखूचा वास आहे हा. लहान मुलांना चांगला नाही."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पप्पांनी माझं कोपर धरलं. ठरलं असं, की आठ दिवसांत वास घालवायचा, मग पुन्हा दाखवायची.

परत येताना काचा वर करून आम्ही दोघांनी वास घेतला. दोन वेळा घेतला. काही नाही, फक्त लिंबू. मग माझं डोकं चाललं ते मला सवय लागलेल्या वाटेनंच. मी बिडी कामगार बायकांच्या संघटनेचं काम करते, त्यांची पत्रकं लिहिते. पत्रकाची एक शिस्त असते. पहिल्या ओळीत शत्रू पाहिजे. मी ठरवून टाकलं की त्या बायकांना वास-बिस काही आला नाही. त्यांनी पप्पांना विचारलं होतं कुठं राहता, पप्पांनी वस्तीचं नाव सांगितलं होतं, आणि वास तिथूनच सुरू झाला होता. गाडी घरी पोचेपर्यंत माझं अर्धं पत्रक मनात लिहून झालं होतं.

पप्पा पत्रकं लिहीत नाहीत. ते गाडी घेऊन सरळ कुशनवाल्या चाचांकडं गेले. चाचांनी दार सरकवलं आणि दोन पावलं मागं झाले.

"क्या भाई, गोदाम लेको आये क्या?"

"लिंबाचा वास येतोय की," पप्पा म्हणाले.

"लिंबू बाजूला ठेवा." चाचांनी डबी उपटून कचऱ्यात टाकली. मग सीटांचे बोल्ट काढले, सीटा उतरवल्या, खालचं रबरी मॅटिंग उचललं. खाली तपकिरी धुळीचा थर होता. बोट फिरवलं तर रेघ उठली. कोपऱ्यात तेंदूपानाचे कातरलेले तुकडे आणि दोऱ्याचं एक रिकामं रीळ. कुठल्या तरी कारखान्याची पोती वाहिलेली गाडी होती ती.

पप्पांनी ते रीळ उचलून बघितलं. "मास्तर बिड्यांचा तास घेत आसतील," एवढंच म्हणाले.

मी त्याच पावली विकणाऱ्याकडं गेले आणि भांडले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "तवा तुमाला वास न्हाय आला व्हय? तिघं होता की."

खरं तर तिथंच थांबून विचार करायला पाहिजे होता. पण मला शत्रू सापडला होता, आणि शत्रू सापडला की मी विचार थांबवते. ही माझी जुनी खोड आहे.

पुढचे पाच दिवस मी आणि पप्पा त्या गाडीच्या मागं लागलो. चाचा सांगतील तसं केलं. आधी धूळ मशीननं ओढून काढली, कारण ओलं फडकं आधी मारलं तर तंबाखूचा काढा होऊन फोममध्ये मुरतो. मग सीटांवर खायचा सोडा चाळणीनं भुरभुरला, रात्रभर ठेवला, सकाळी ओढून काढला. प्लास्टिक सगळं व्हिनेगरच्या पाण्यानं पुसलं. छताचं कापड अगदी हलक्या हातानं, फडकं नुसतं टेकवत, कारण जोरात घासलं तर आतला गोंद सुटतो आणि छत पोरांच्या डोक्यावर लोंबतं. एसीची जाळी काढली तेव्हा ती चहाच्या गाळणीसारखी दिसत होती. ती बदलली. लाकडी कोळसा फडक्यात बांधून सीटांखाली ठेवला. आणि दिवसभर चारी दारं उघडी टाकून गाडी मेच्या उन्हात उभी केली. या शहरात फुकट मिळणारी तेवढी एकच गोष्ट आहे, ऊन, ती आम्ही पुरेपूर वापरली. रोज संध्याकाळी चाचा येऊन आत नाक घालायचे आणि मान हलवायचे. पाचव्या दिवशी त्यांनी मान हलवली नाही. "अब साफ है," म्हणाले.

आईला त्या पाच दिवसांत गाडीला हात लावायला मिळाला नव्हता. कारखान्यात कट्टे द्यायचे होते. पण तिनं जुन्या चादरींची सात सीट-कव्हरं शिवून ठेवली होती. निळी, कडेला लाल पट्टी. घडी करून, पानांच्या पोत्यावर फळी टाकून त्या फळीवर रचली होती, चुरगळू नयेत म्हणून. निघायच्या आधी तिनंच ती चढवली, एकेका सीटवरून हात फिरवत.

पुन्हा सोसायटी, पुन्हा तेच गेट. पहिली बाई वाकली. यावेळी मागं सरकली नाही, पण कपाळाला आठी आली.

"कमी झालाय काका. पण आहे."

मग मी सुटले. पप्पांनी कोपर धरलं होतं तरी सुटले. मी म्हणाले, गाडी धुतली, सीटा उपटल्या, छत पुसलं, अजून काय करायचं? तुम्हाला वास गाडीचा येतोय की आमच्या वस्तीचा, ते एकदा सांगून टाका. आजोबांकडं बघून म्हणाले, तोंडात तंबाखू धरून तंबाखूचा वास ओळखता, कमाल आहे तुमची. आजोबांनी तोंड मिटलं. गेटवरचा वॉचमन हसला.

ती बाई चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, राग मानू नका. वास तुमच्या ओढणीला येतोय. आणि त्या कव्हरांना."

घरी आल्यावर मी ओढणी नाकाला लावली. काही नाही. आईची साडी. काही नाही. पप्पांचा इस्त्रीचा शर्ट. काही नाही. म्हणून चाचांना बोलावलं. ते उंबऱ्यातच थांबले, अवघडले. "बेटी, घर है बिडीवालों का," म्हणाले. "येणारच की." ते पाच दिवस आमच्याकडं येत होते, पण कधी आत आले नव्हते. चहा बाहेर गाडीजवळच घ्यायचे. का, ते मी विचारलं नव्हतं.

मी तीन वर्षं पत्रकं लिहितेय की घरोघरी तंबाखूची धूळ माणसांच्या छातीत बसते. ती पत्रकं मी पानांच्या त्याच पोत्याला टेकून लिहिली. माझ्या नाकानं मला एकदाही सांगितलं नाही. आमच्या तिघांची नाकं मारून टाकली आहेत, आणि ती कुणी मारली ते मी सांगते. कारखान्याच्या मालकानं. त्याला बायकांना बसवायला शेड बांधावी लागली असती, खिडक्या ठेवाव्या लागल्या असत्या, पंखे लावावे लागले असते. त्यापेक्षा त्यानं पानं आणि तंबाखू आमच्या खोलीत पाठवली. आम्ही त्याच्या कारखान्यात झोपतो, जेवतो, अभ्यास करतो, आणि तो आम्हाला भाडं देत नाही. वर त्याचा वास आमच्या अंगाला लागतो आणि चारचौघांत खाली बघायची पाळी आमच्यावर येते.

हे सगळं मी आईसमोर बोलले. ती ऐकत होती, हात चालू होते.

"लई झालं," ती म्हणाली. "तुज्या पत्रकांना पन वास येत आसंल की. वाचनारीला आदी नाक धरावं लागत आसंल."

पप्पा हसले. मला हसायला आलं नाही.

"आजच सोड," मी म्हणाले. "आज सूप उचल आणि परत देऊन ये."

"आनि गाडी न्हाय भरली तर?"

वास जावा म्हणून तंबाखू सोडायची, आणि तंबाखू सुटावी म्हणून आधी वास जायला पाहिजे. या गाठीला माझ्या पत्रकात जागा नव्हती.

गाठ आईनं सोडवली, तिच्या पद्धतीनं. दुसऱ्या दिवशी तिनं सूप, पोतं, कात्री, सगळं उचललं आणि शेजारच्या काकूंच्या पडवीत नेलं. काकूही बिड्याच वळतात. कव्हरं सोड्याच्या पाण्यातून काढली आणि चाचांच्या गच्चीवर वाळवली, चढवलीही चाचांनीच. पप्पांचे दोन शर्ट पिशवीत बांधून चाचांच्या दुकानात राहतात, ते तिथं बदलून मग गाडीत बसतात. आई संध्याकाळी काकूंकडंच अंघोळ करून, साडी बदलून घरात येते. आपल्या घरात. मी यावरून तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिला त्यात अपमान दिसत नाही. मला दुसरं काही दिसत नाही.

तिसऱ्यांदा गाडी दाखवायला पप्पा एकटे गेले.

शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी ते शर्ट बदलून गाडी घेऊन आले. गल्लीच्या तोंडाशी थांबले, दार सरकवलं. आई नळाजवळ उभी होती, गाडीपासून दहा पावलांवर. तिथून पुढं आली नाही.

"बस की," पप्पा म्हणाले. "कोपऱ्यापातुर सोडतो."

"नगं. जावा तुमी. पोरं वाट बगत आसतील."

मी तिचा हात धरून ओढला. तिनं सोडवून घेतला. रागानं नाही, कामाच्या घाईत सोडवावा तसा. गाडी गेली. जिच्यासाठी ती घेतली होती, ती आई अजून तिच्यात एकदाही बसलेली नाही.

आई पडवीत जाऊन बसली. काकूंनी विचारलं, "भरली का गं गाडी?"

"चार पोरं हायती," आई म्हणाली. खोकली, सूप मांडीवर ओढलं आणि ओल्या फडक्यातलं पहिलं पान काढलं. "तीन ऱ्हायली."