चौकटीतला विनेश

मुरुडच्या कोळीवाड्यातून पहिलं वर्तमानपत्र निघालं १९७९ साली, आणि ते काढलं हरेश्वर नाखवांनी. बाप, भाऊ सगळे होडीवर. हे एकटे अलिबागच्या छापखान्यात शिशाची अक्षरं जुळवायला शिकले आणि पायाने चालवायचं जुनं यंत्र आणून घरच्या पडवीत बसवलं. चार पानांचं साप्ताहिक. मासळीचे भाव, भरतीच्या वेळा, लग्नं, मयती. बायको सोनूबाई घड्या घालून पत्ते चिकटवायची आणि गठ्ठे एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. सुकटीच्या हातांनी पेपर निघतो, असं लोक हसायचे.

दुसऱ्याच वर्षी हरेश्वरांच्या हातून चूक झाली. वादळात हरवलेल्या नामा खलाशाची निधनवार्ता त्यांनी ऐकीव माहितीवर छापली. त्याच्या बायकोने बांगड्या फोडल्या, दिवसही झाले, आणि महिन्याने नामा वेरावळच्या बोटीतून घरी आला. तेव्हापासून हरेश्वरांचा नियम ठरला. प्रेत दिसल्याशिवाय मयत छापायची नाही, तोवर पहिल्या पानावर चौकटीत ‘बेपत्ता’. वाड्यानेही तोच रिवाज केला. पेपरात आल्याशिवाय कुणी दिवस करीनात.

२०११ मध्ये जाळं ओढताना त्यांचा मुलगा विनेश समुद्रात पडला. बोटीवरच्या चौघांनी पडताना पाहिला. प्रेत मिळालं नाही. दर आठवड्याला चौकट येत राहिली: विनेश हरेश्वर नाखवा, वय सव्वीस. त्याची बायको ऋतिका तेव्हा बावीसची होती. ती कुंकू लावून मासळी विकायला जायची आणि बाजारातल्या बायकांना तिच्याशी काय बोलावं ते कळायचं नाही.

चौथ्या वर्षी रेवदंड्याहून एका बोटमालकाने तिच्यासाठी निरोप पाठवला. त्याची बायको वारली होती. तो वर्षभर थांबायला तयार होता. सोनूबाईंनी नवऱ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाल्या, “छापा आता. पोरीचं वय जातंय.”

“प्रेत कुनी पायलं?”

“मेलेला न्हाय दिसला, तर जिती रोज दिसते ना घरात?”

हरेश्वर जेवता जेवता उठले. वर्ष संपलं, बोटमालकाने दुसरीकडे लग्न केलं. त्या आठवड्याच्या पेपरांच्या घड्याही ऋतिकानेच घातल्या.

पुढे बातम्या मोबाईलवरच येऊ लागल्या. वर्गणीदार चाळीस उरले. गेल्या मार्गशीर्षात हरेश्वरांनी पेपर बंद करायचं ठरवलं. शेवटच्या अंकातला मजकूर त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. दुपारी पहिला कागद निघाला तो त्यांनी सुनेपुढे धरला. चौकट नव्हती. खाली मयतींत विनेशचं नाव होतं.

“तू मोकळी झालीस, बाय,” ते म्हणाले.

पस्तीस वर्षांच्या ऋतिकाने तो पूर्ण वाचला.

“आता कुठं जावं, बाबा?” तिने विचारलं.

सोनूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. हरेश्वर यंत्राजवळ उभेच राहिले. उरलेले एकोणचाळीस अंक छापायचे होते आणि त्यांचा पाय उचलत नव्हता.