अंदाजाची गोळी

गोटीरामला कंपवात झाला तेव्हा दुखण्यापेक्षा त्याला गुलाबांचीच काळजी जास्त. मखमलाबादच्या शिवारात छाटणीला त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. आता कात्री धरली की ती भलतीकडंच पडायची. नाशिकच्या डॉक्टरनं गोळी दिली. मेंदूत डोपामिन कमी पडतं, ते ही भरून काढते म्हणाला. थोड्या दिवसांत हात ताळ्यावर आला अन् गडी पुन्हा वाफ्यात उतरला.

पण गोटीरामचा खाक्या जुना. फवारणीच्या बाटलीवर पंपाला एक झाकण लिहिलं असलं, तर हा दीड टाकणार. "कंपनीवाल्यानं आपल्याकडची मावा कीड कुठं बघितलीय?" म्हणायचा. तोच अंदाज त्यानं गोळीला लावला. दुपारी हात जड पडले की एक जादा. पुढं सकाळीही एक जादा.

मग त्याला स्वस्थ बसवेना. मान डोलायची, खांदा आपसूक वळवळायचा अन् कात्री काही थांबेना. वाळकी फांदी झाली, हिरवी झाली, आता कळ्यांची. लग्नसराई तोंडावर आली अन् दोन ओळी बोडक्या.

"आवं, कळ्या हायेत त्या," बायको आक्काबाई म्हणाली.

"एवढीच फांदी."

"सकाळपासून एवढीच चाललीय. झाडाचं जावळ काढताय का?"

"तू गप. हात लय चांगला चाललाय."

आक्काबाईनं पाकीट बघितलं. महिन्याच्या गोळ्या अर्ध्यातच संपत आलेल्या. उरलेल्या तिनं पिठाच्या डब्यात दडवल्या. औषध जास्त झालं की फवारणी बंद ठेवायची, झाड आपोआप सावरतं. शेतात तसंच तर करतात.

माणूस सावरला नाही. दोन दिवसांत गोटीरामचं लाकूड झालं. ताप फणफणला, घोट गिळवेना, भलतंच बरळायला लागला. पोरानं, राजनं, पिकअपमध्ये घालून दवाखाना गाठला.

"गोळी बंद केली का?" डॉक्टरनं आधी तेच विचारलं.

"मी दडवल्या," आक्काबाई म्हणाली. "हे मनानं जास्त खात व्हते."

"मावशी, त्यांनी मनानं वाढवली, तुम्ही मनानं तोडली. एकदम तोडली की जिवावर बेततं. माणूस उलटा वागायला लागला तर मला फोन करायचा. कमी करायची ती मी बेताबेतानं करतो."

गोटीराम वाचला. आता गोळ्या आक्काबाईजवळ असतात. ठरल्या वेळेला, जेवणाच्या आधी ती हातावर ठेवते, जादा मागितली तर ऐकू न आल्यासारखं करते. डोस कमी झाला, वळवळ गेली, कात्री कळ्यांवर जात नाही. पण दोन गोळ्यांच्या मधे हात पुन्हा आखडतो. तेवढा वेळ कात्री आक्काबाईच्या हातात अन् गोटीराम बांधावर. बसतो, उठतो, परत बसतो.

"तिरपा काप दे. तिरपा."

"दिला ना."

"हा तिरपा व्हय? पाणी साचंल त्यावर."

"एवढं कळतं तर या हिकडं."

"आत्ताच गोळी घेतली. लागू व्हायला येळ हाय."

"मग लागू होईस्तोवर तोंडाला आराम द्या."

गोटीराम उठला. आखडलेले हात काखेत घालून पुढच्या ओळीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, तिच्या आधी.