हेडमास्तरांच्या डोक्यावरची काच

माझा थोरला भाऊ काच कापतो तेव्हा दुकानात कोणी बोलायचं नसतं. मीसुद्धा नाही, आणि मी तर बोलण्यासाठीच जन्माला आलो असं वहिनींचं मत आहे. दादा पट्टी ठेवतो, हिरकणी टेकवतो, एका दमात रेघ ओढतो आणि टेबलाच्या कडेवर काच अलगद दाबतो. टक, की दोन तुकडे. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा हिरकणी फिरवलेली मी एकतीस वर्षांत पाहिली नव्हती.

या माणसाला एकच खोड आहे. काही उघडं राहिलेलं त्याला बघवत नाही. घरातल्या चपलांच्या कपाटाला काच, मसाल्याच्या मांडणीला काच, वीजमीटरला काच, टेबलावर काच आणि त्या काचेखाली वहिनींनी विणलेला रुमाल. वहिनी म्हणतात, "मी जरा जास्त बोलले तर माझ्या तोंडालाही बसवतील." तो हसतो. पण मनातल्या मनात माप घेत असावा.

त्याची मुलगी चिऊ. खरं नाव शाळेपुरतंच. तेवीस वर्षांची झाली तरी चिऊच. तिने कॉलेजात असताना एक सरडा पाळला. कुंपणावरचा साधा सरडा नव्हे. घोयरा जातीचा, शेपटीची गुंडाळी करणारा, फांदी मुठीत धरून चालणारा. त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात. एक वर्गावर, एक दारावर. म्हणून मी त्याचं नाव हेडमास्तर ठेवलं. चिऊ आधी रुसली, मग तीही तेच म्हणू लागली.

दादाला तो मुळीच आवडत नसे. "सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही माझ्या घरापर्यंत कशी आली?" असं म्हणायचा. पण चिऊला वर्षभरासाठी परगावी काम मिळालं, तिथल्या वसतिगृहात प्राणी चालत नव्हते, आणि ती सरडा कोणाला द्यावा म्हणून रडकुंडीला आली, तेव्हा हाच म्हणाला, "मी आहे ना. दे इथे."

चिऊने जायच्या आधी दादाची शिकवणीच घेतली. चारी बाजूंनी बारीक जाळीचा उभा पिंजरा. आत आडव्यातिडव्या फांद्या, एक पानांचं झाड. पानांवर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा, कारण हेडमास्तर वाटीतलं पाणी पीत नाहीत, पानावरचे थेंब चाटतात. जाळीच्या छतावर दोन दिवे: एक ऊब देणारा बल्ब, आणि एक लांब नळी. "ही नळी म्हणजे त्याचं ऊन आहे, बाबा. हिच्याशिवाय त्याची हाडं होत नाहीत." मग तीन डब्या. पांढऱ्या झाकणाची साध्या कॅल्शियमची, रोजच्या रातकिड्यांना लावायची. निळ्या झाकणाची, किंचित ड जीवनसत्त्व मिसळलेली, महिन्यातून दोनदा. पिवळी, जीवनसत्त्वांची, तीही दोनदा, पण निळीच्या दिवशी नाही. रातकिडे पिशवीत घ्यायचे, चिमूटभर पावडर टाकायची आणि हलवायचं. वहिनी ते बघून म्हणाल्या, "आता फक्त तळायचे राहिलेत."

निघताना दारात चिऊ चौथ्यांदा म्हणाली, "बाबा, काही बदलू नकोस हं."

"नाही गं बाई," दादा म्हणाला.

पंधरा दिवस त्याने दम धरला. मग एके सकाळी दुकानात मला म्हणाला, "जाळी काय रे? जाळी कोंबड्यांना. माझ्या पोरीचं जनावर आणि जाळीत?"

मी काय म्हणालो ते मला नीट आठवतं, आणि आठवलं की आजही खाली बघावंसं वाटतं. मी म्हणालो, "मग कर की एक फर्मास. ती आली की बघतच राहील."

काचेचं नवं घर करण्यात त्याने तीन रविवार घालवले. काय सुंदर काम होतं ते! कडा घासून गुळगुळीत केलेल्या, कोपरे असे जुळलेले की नख अडकत नव्हतं. हवेसाठी त्याने मागची बाजू जाळीची ठेवली. तेवढी अक्कल दोघांना होती. पण वर, नळीच्या खाली, त्याने काच टाकली. फवाऱ्याचं पाणी तापलेल्या दिव्यावर उडेल, हेडमास्तर छताला लटकून पाय भाजून घेतील, ही त्याची काळजी. ती काच मी स्वतः धरली होती. जुना पिंजरा आम्ही माळ्यावर टाकला. चिऊला काही सांगायचं नाही असं ठरलं. गंमत होती ना!

हेडमास्तर नव्या घरात काचेजवळ गेले की फुगायचे आणि गडद पट्टे काढायचे. "बघ, स्वतःचं रूप बघून रंगलाय," दादा म्हणायचा. आम्ही दोघं खुर्च्या टाकून बघत बसायचो.

आणि पावडरीचं म्हणाल तर त्याने कधी चुकवली नाही. कॅलेंडरवर तीन रंगांच्या खुणा. ज्याला पूर्वी सरड्याकडे बघवत नव्हतं तो रातकिडे मोजून पिशवी हलवताना त्याच्याशी बोलू लागला. "घ्या गुरुजी, आज निळी." हळूहळू दुकानात येणाऱ्यांनाही तो हेडमास्तरांची खबरबात सांगू लागला. माणूस प्रेमात पडला होता, दुसरं काय.

चौथ्या महिन्यात हेडमास्तरांचा नेम चुकू लागला. जीभ निघायची ती अर्ध्यावरच पडायची. मग फांदी धरताना पुढचा पाय कोपरात वाकायला लागला. वहिनींनी पहिल्यांदा सांगितलं, "अहो, हा लंगडतोय."

"चिऊची आठवण येते त्याला," दादा म्हणाला, आणि पांढऱ्या डबीतली चिमूट मोठी केली.

चिऊ रोज संध्याकाळी फोन करायची. पहिला प्रश्न ठरलेला, "हेडमास्तर कसे आहेत?" दादा म्हणायचा, "मजेत." फोनवर दाखव म्हणाली तर तो पानांमागचा, अर्धा, तोही तोंडाकडून दाखवायचा. पाय दिसू द्यायचा नाही, आणि नवं घरही नाही. एकदा तिला संशय आला असावा. तिने मला विचारलं, "काका, खरंच बरा आहे ना?" मी म्हणालो, "झकास आहे गं. आमच्यापेक्षा त्याची बडदास्त जास्त." हे बोलताना मी त्या वाकलेल्या पायाकडे बघत होतो. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. फोन आपल्याकडे आला तर त्या जेवणाचं, झोपेचं विचारायच्या आणि सरड्याचा विषय निघाला की म्हणायच्या, "ते बाबांना विचार."

दीड महिना आम्ही असा रेटला. मग एक दिवस हेडमास्तर फांदीवरून खाली पडले आणि त्यांना उठता येईना. दादाने दुकान अर्ध्यावर टाकलं, त्यांना टोपलीत रुमालावर ठेवलं, आणि आम्ही प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाईंनी एक्स-रे काढला. हाडं इतकी फिकट की नसल्यासारखी. पुढच्या दोन्ही पायांची वाकलेली, एक मोडून तसंच जुळलेलं.

"कॅल्शियम देता?"

"रोज," दादा म्हणाला. खिशातून त्याने कॅलेंडरची पानं काढली. बाईंनी ती नीट बघितली. "इतकं व्यवस्थित मी कोणाचं बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि दिवा?"

"रोज बारा तास. नळीही नवीन आहे."

"घराचा फोटो आहे?"

फोटो कसा नसेल! माझ्याच फोनमध्ये वीस होते. बाईंनी एक मोठा करून पाहिला आणि बोट ठेवलं. "हे दिव्याखाली काय आहे?"

"काच," मी म्हणालो.

बाईंचा आवाज चढला नाही. त्यांनी समजावून सांगितलं. त्या नळीच्या उजेडात जे लागतं ते काचेतून पलीकडे जात नाही. उजेड जातो, कामाचं ते वरच अडकतं. ते नसेल तर कितीही कॅल्शियम द्या, अंगी लागत नाही. आणि काचेत त्याला स्वतःचं रूप नाही, दुसरा नर दिसतो. चार-पाच महिने तो कोणाशी तरी भांडत होता.

"हे काचेचं तुम्हाला कोणी सांगितलं नसेल," बाई समजुतीने म्हणाल्या.

दादा टोपलीकडे बघत होता. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी हेच सांगून काच विकतो."

खरंच होतं. पडद्याचा रंग उडतो म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दादा हेच ऐकवतो: उजेड आत येईल, उन्हाचा जाळ बाहेर राहील. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवेन. पण दोघांपैकी एकाच्याही डोक्यात ती ट्यूब पेटली नाही. न कळून झालेल्या चुकीला माणूस माफ तरी करून घेतो. कळत असून झालेलीचं काय करायचं?

बाईंनी तोंडात घालायचे थेंब दिले. जीव वाचेल म्हणाल्या, पण वाकलेलं सरळ होणार नाही. आम्ही माळ्यावरून जाळीचा पिंजरा काढला, धुतला, फांद्या खाली-खाली बांधल्या. दुसऱ्या दिवशी दादाने दुकानात एका खिडकीची काच कापायला घेतली. रेघ ओढली, थांबला, आणि तिच्यावरूनच पुन्हा एक ओढली. काच भलतीकडेच तडकली. तो तुकड्यांकडे बघत उभा राहिला.

"अरे, एक सरडा आहे तो, दादा," मी चिडून म्हणालो. चिडलो होतो मी स्वतःवर, पण ओरडायला तो समोर होता.

"तिने मला एकच काम सांगितलं होतं," तो म्हणाला. "चार वेळा सांगितलं होतं रे."

त्या संध्याकाळी चिऊचा फोन आला. तिने विचारलं, "हेडमास्तर?" दादाच्या तोंडावर 'मजेत' आलेलं मला दिसलं. मग त्याने सगळं सांगितलं. काच, छत, पाय, पडणं, डॉक्टर. स्वतःला कुठे सांभाळून घेतलं नाही, आणि माझं नावही घेतलं नाही. ते मला मध्ये पडून घालावं लागलं.

मग ती म्हणाली, "काचेचं जाऊ दे, बाबा. तू माझ्यासाठी केलंस, कळतं मला. पण मी रोज विचारत होते ना रे. रोज."

भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. ती आजही रोज फोन करते, दादाला त्याच्या गुडघ्याचं विचारते, मला टोमणे मारते, सगळं पहिल्यासारखं. फक्त सरड्याचं आम्हा दोघांना विचारत नाही. ते आईला विचारते.

दादा रोज सकाळी हेडमास्तरांच्या ओठांवर थेंब सोडतो, त्यांनी गिळेपर्यंत पाव तास बोट हलवत नाही. रातकिडे चिमट्याने तोंडाशी धरतो. त्याला त्या जनावराची जेवढी माहिती आहे तेवढी त्या घरात कोणालाच नाही. परवा मी तिथेच होतो. फोन वाजला, वहिनींनी घेतला. दादा पिंजऱ्यापाशी बसून होता, तो हळूच म्हणाला, "सांग तिला, आज उजव्या पायाने फांदी घट्ट धरली. सोडवावी लागली मला."

"चिऊ, आज उजव्या पायाने घट्ट धरलीय फांदी," वहिनी फोनवर म्हणाल्या.

फोनचा आवाज मोठा होता, आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "आई, तू स्वतः बघितलंस?"

वहिनींनी दादाकडे पाहिलं. दादा उठला, स्वतःची खुर्ची पिंजऱ्यासमोरून बाजूला केली आणि म्हणाला, "ये. बघून सांग."