टाकी निवू द्या

आई गेल्यानंतर मी पुन्हा कामावर रुजू झाले, तेव्हा कारखान्यात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत. अंबडच्या या कारखान्यातल्या भट्ट्या स्वयंपाकाच्याच गॅसवर चालतात. टँकरमधून आलेला द्रव गॅस आवारातल्या लांबट टाक्यांत उतरवून घ्यायचा आणि किती आला ते मोजायचं, हे माझं काम. एरवी टँकरच काट्यावर भरलेला आणि रिकामा तोलतात. त्या दिवशी काटा नादुरुस्त होता, त्यामुळे सगळी भिस्त टाकीच्या मापावर.

मी आवारात पोचले तेव्हा माप होऊन गेलं होतं आणि गॅस कमी भरला होता. फोरमन मालेगावच्या ड्रायव्हरवर तापले होते.

"घोटीत कुठल्या ढाब्यामागे उभा होतास? किती काढलास?"

"साहेब, सील तर बघा ना! खिशात भरून नेला का मी गॅस?"

कोणीतरी हसलं. ड्रायव्हर हसला नाही. "चोर म्हणून कागदावर लिहिलं, तर शेठ आजच गाडीवरून उतरवतील मला," तो माझ्याकडे वळून म्हणाला.

मी फोरमनना विचारलं, "तापमान कधी घेतलं?"

"गॅस उतरवायच्या आधी. तेच दोन्ही वेळा धरलं. ताई, तुम्ही कशाला त्रास घेता? मन थाऱ्यावर येऊ द्या आधी."

मनाचं मला माहीत नव्हतं. टाकी मात्र थाऱ्यावर आली नव्हती. उन्हात तापलेल्या टाकीत, पहाटे घाट चढून आलेला गार गॅस पडला होता. गार गॅस कमी जागा घेतो. आधीच्या तापलेल्या आकड्याने हिशेब केला तर वजन कमी निघणारच. शिवाय आतली पातळी अजून हलत होती. ती स्थिरावण्याला आमच्याकडे टाकी निवणं म्हणतात, दूध निवतं तसं. घाईत तेवढं राहून गेलं होतं.

"टाकी निवू द्या," मी म्हणाले. माझा आवाज बऱ्याच दिवसांनी मलाच नीट ऐकू आला.

आम्ही पत्र्याच्या सावलीत बसलो. ड्रायव्हर बसेना.

"मॅडम, किती वेळ घेते ही? एवढ्यात माझी बायको दोनदा रुसून दोनदा निवते."

मला हसू आलं. फोरमनही हसले, मग आपण रागावलेलो आहोत हे त्यांना आठवलं.

पुन्हा पातळी, दाब आणि तापमान घेतलं. द्रवावरच्या वाफेचंही वजन धरलं. मेळ बसला. राहिला तो फरक नेहमीचाच, सोडून देण्याजोगा.

"उन्हानं चोरला म्हणायचा," फोरमन सही करताना पुटपुटले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "चल, जेवून जा."

त्याने आधी फाटकाबाहेर जाऊन मालकाला फोन लावला. "पूरा भरला शेठ, पूरा!" आतपर्यंत ऐकू आलं. मग कँटीनमध्ये येऊन त्याने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हां, आता उतरतोय खाली."

मीही त्याच टेबलावर ताट वाढून घेतलं. आईच्या आजारपणापासून जेवण म्हणजे उरकायचं काम झालं होतं. त्या दुपारी मी भाजी पुन्हा मागून घेतली.