इल्होमचा नान आणि मोश

"मांजरीनं नाही खाल्लेला तो नान."

"मग काय मी खाल्ला? दातांच्या खुणा बघ."

"तुमच्या असत्या तर दोनच दिसल्या असत्या."

मी शेजारी चाळणी परत द्यायला गेले होते, ती हातात घेऊन दारातच थांबले. सलोमतखाला गल्लीची मावशीच; तिचं भांडण उझबेकिस्तानातल्या रिश्तानच्या आमच्या गल्लीला नवं नाही. नवं होतं ते तोलिबअकांचं आवाज चढवणं. एरवी हा माणूस दिवसभर मातीच्या थाळ्यांवर निळी वेलबुट्टी काढतो आणि बायकोला 'हं'च्या पुढे उत्तर देत नाही.

वाद कोनाड्यातल्या नानाचा. तीन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा इल्होम रशियात कझानला बांधकामावर गेला. निघताना रीतीप्रमाणे त्यानं आईच्या हातच्या नानाचा एक घास तोडला. उरलेला खालानं कोनाड्यात टांगला. परत येऊन तोच खाणार. तोवर दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाही. महिन्यापूर्वी त्या दगड झालेल्या नानाची कड कुरतडलेली दिसली आणि नेमका त्याच आठवड्यात इल्होमचा फोन आला नाही. पोराच्या वाट्याला तोंड लागलं, आता पोराचं काही खरं नाही, असं तोलिबअकांच्या मनानं घेतलं. त्यांनी मोशला गोणीत घातलं, सायकलला बांधलं आणि कुठंतरी सोडून आले. मोश म्हणजे मूग. मांजरीचा रंगच तसा. पिल्लू असताना तिला घरी आणलं होतं इल्होमनंच.

खाला विकायचे नान भाजायची तेव्हा मोश परातीशेजारी बसून असायची. "मीठ कमी झालं का गं? सांग, लाजू नकोस," असं खाला तिला विचारायची. येणाऱ्या सुनेशी बोलायची तालीमच ती. मोश गेल्यावरही चार दिवस ती तंदूरपाशी बोलत राहिली. मग गप्प झाली. भाजण्याआधी नानावर उमटवायचे नक्षीचे ठसे वाकडे पडायला लागले. गिऱ्हाइकांच्याही ते लक्षात आलं.

मोशला सोडल्याच्या नवव्या दिवशी इल्होमचा फोन आला. त्याचा फोनच फुटला होता, बाकी काही नाही. पहिलं वाक्य, "मोश दाखवा." तोलिबअका म्हणाले, "झोपलीय." त्यानंतर दर रविवारी ती झोपलेलीच होती.

"सूनबाई, आत ये," खाला मला म्हणाली. गल्लीतल्या प्रत्येक सुनेला ती असंच हाक मारते. "तू साक्षीदार. काल संध्याकाळी मी कोनाड्यात पीठ भुरभुरलं. बघ."

मी वाकले. पिठात जिऱ्याएवढी पावलं उमटली होती आणि त्यांच्यामधून शेपटीची बारीक रेघ. तोलिबअकांच्या सगळ्यात नाजूक कुंचल्यानं काढावी तशी. नानाची दुसरी कडही कुरतडलेली.

"उंदीर," मी म्हणाले.

"तुला कुणी विचारलं?" तोलिबअकांनी चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिले. वेलबुट्टी काढणारा माणूस, त्याला रेघ कुणाची ते सांगायला नको. "आधी नव्हते कधी उंदीर," ते हळूच म्हणाले.

"आधी ती होती." खालाचा आवाज खाली आला. "कोनाड्याखाली झोपायची ना रोज? मला वाटायचं, भिंत उबदार आहे म्हणून."

मी चाळणी कट्ट्यावर ठेवली.

"इल्होमच्या बाबा, परवा रविवार आहे. काय सांगू मी त्याला? कुठं सोडलीत ते तरी सांगा. नुसतं गावाचं नाव. मी जाईन चालत."

तोलिबअकांनी चष्मा पुसून खिशात टाकला. टोपी डोक्यावर ठेवली. दाराआडच्या खुंटीवरची तीच गोणी, आता रिकामी, काढून काखेत मारली आणि बाहेर पडले.