खलाशाचे कवन हरवले तेव्हा

ती दुपार आठवली की माझे तळहात आजही ओले होतात. मुंबईत पोलीस खात्यात उभी हयात गेली, नामचीन गुंडांसमोर बसून जबाब घेतले. पण मस्कतमध्ये एका साध्यासुध्या बाईचा जबाब घेताना मी जितका घाबरलो, तितका आयुष्यात क्वचितच घाबरलो असेन.

निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून इथे आलो. अल खौदजवळ एका ओमानी व्यापाऱ्याचे खाजगी ग्रंथालय आहे, तिथली सुरक्षा मी पाहतो. मालकाला आम्ही सगळे अर्बाब म्हणतो. पूर्वी अमेरिकेची जहाजे खजुरासाठी मस्कतला येत, त्यावरून या गृहस्थाला जुन्या अमेरिकन छापील गाण्यांचा नाद लागला. एका कपाटात सुटी कवने, म्हणजे रस्त्यावर विकण्यासाठी छापलेले, नुसत्या शब्दांचे एकेक कागद. दुसऱ्या कपाटात रंगीत मुखपृष्ठांची, सुरांच्या खुणा छापलेली पाने. आपल्याकडे ज्यात कोणी भेळ बांधून दिली नसती, त्या कागदांना इथे स्वतंत्र एसी आहे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी एक कवन गायब झाले. मस्कत बंदरात उतरलेल्या खलाशाचे ते कवन म्हणजे अर्बाबचा जीव की प्राण. कवनांचे कपाट दोनदा उपसून झाले, कॅमेऱ्याचे चित्रण पाहून झाले, पण त्यात फक्त दार दिसत होते. नोंदवहीप्रमाणे कागद शेवटचा हाताळला होता वसईच्या एका ख्रिस्ती बाईंनी. कपाटांची सगळी व्यवस्था त्यांच्याकडेच होती.

तेवढ्यात आमचा मालवणी ड्रायव्हर माझ्या कानाशी लागला. "सायबांनू, त्या बायेन आज रातचा तिकीट काढल्यान. कोणाक सांगा नको माजा नाव."

खबर खरी निघाली आणि ती अर्बाबपर्यंतही पोचली. तो एरवी मायाळू माणूस, पण त्या दिवशी त्याने मला चहासुद्धा विचारला नाही. दुपार कलतानाच्या नमाजापर्यंत मुदत देत म्हणाला, "असर की नमाज तक देखो. नहीं मिला तो मैं शुर्ता को फोन करेगा. खलास."

शुर्ता म्हणजे इथले पोलीस. एकदा तक्रार गेली की बाई देशाबाहेर जाऊ शकणार नव्हत्या. वसईत त्यांच्या आईचे दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होते आणि डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. तिकीट त्यासाठीच होते. रजा मंजूर होती, पण चोरीचा वास आला की मंजूर रजासुद्धा पळून जाण्याची तयारी वाटू लागते.

अंगावर वर्दी नाही, हातात अधिकार नाही, देश परका. माझ्या एका शब्दावर ही बाई आईचे तोंड पाहणार की कोठडीचे, हे ठरणार होते.

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या.

"शेवटी कुठे ठेवलात?"

"आठवत नाय सर. आय स्वेअर, डोकं एकदम ब्लँक झालंय."

"नीट आठवा."

त्या रडल्या नाहीत. उलट एकदम शांत झाल्या आणि मला धडकीच भरली. असे शांत होणारे लोक मी पाहिले आहेत. "सर, मीच घेतला असं लिहा. पगार कापा, व्हिसा कॅन्सल करा. फक्त आज मला फ्लाइटमधे बसवा. मम्मीला बघायचंय."

कबुलीजबाब मिळाला की तपासणाऱ्याला हायसे वाटते. मला मात्र तसे वाटले नाही. सवयीने पुढचा प्रश्न विचारला. "बाहेर कसा नेलात?"

"पर्समधे."

"एवढा मोठा कागद? घडी घालून?"

"हो, घडी…" त्या अडखळल्या. "घडी नाय घालता येत सर. तुटतो तो."

स्वतःवर चोरीचा आळ घेताना ज्या बाईला खोट्यातसुद्धा त्या कागदाची घडी घालवेना, तिने तो नेला नव्हता, एवढे मला कळले. पण हे मी अर्बाबला काय सांगणार? घड्याळ पुढे सरकत होते.

मी प्रश्न थांबवले. पाणी दिले. त्या कवनाचा फोटो टेबलावर होता, तो चाळा म्हणून वाचू लागलो. शीर्षकाखाली बारीक अक्षरात एका दुसऱ्याच गाण्याचे नाव होते. माझ्या आईच्या भजनाच्या वहीत प्रत्येक भजनावर असेच लिहिलेले असे, अमक्याची चाल.

"ही चाल आहे का हो?" मी विचारले.

"हो सर. शब्द नवे, ट्यून जुनी. आमच्या चर्चमधे पण असंच. मी क्वायरमधे होते ना." पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा सुटला.

"मग गाताना चाल कुठून घेता?"

"ट्यूनचं पान वेगळं असतं. शब्दांचा कागद आम्ही त्याच्यातच घालून ठेवतो, नायतर पेटीवाल्याला…"

त्या थांबल्या. उठल्या. धावत दुसऱ्या कपाटाकडे गेल्या. तिथे शोधायचे कोणालाच सुचले नव्हते. एक फोल्डर काढून टेबलावर ठेवला, पण उघडायला त्यांचे हात धजेनात. मी उघडला. चालीच्या पानांमध्ये खलाशाचे कवन अलगद पडले होते.

मग त्यांना सगळे आठवले. प्रदर्शनात दोन्ही शेजारी लावावीत म्हणून त्या चाल शोधत होत्या. ती सापडली, कवन त्यात ठेवले, आणि तेवढ्यात घरून आईच्या ऑपरेशनचा फोन आला. पुढचे काही त्यांच्या ध्यानात राहिले नाही.

अर्बाबने कागद पाहून डोळे मिटले. बाईंची माफी मागितली आणि स्वतःच्या गाडीने त्यांना विमानतळावर पोचवले. त्यांना आई भेटली. आई आज हिंडते-फिरते आहे.

घाबरवले की माणूस खरे बोलतो, असे आमच्या खात्यात अनेकांना वाटे. घाबरलेला माणूस समोरच्याला जे हवे ते बोलतो, आणि खरे काय ते त्याला स्वतःलाच आठवेनासे होते. बाईंना धीर वाटला तेव्हा कागद सापडला. हे मला निवृत्तीनंतर, परक्या देशात कळले.

बाई रजेवरून परत आल्या, अजून तिथेच काम करतात. माझ्याशी हसून बोलतात, वसईची सुकेळी आणून देतात. पण संध्याकाळी घरी जाताना माझ्या टेबलापाशी थांबतात आणि पर्स उघडून आतले सगळे दाखवतात. मी नको म्हणतो. त्या तरीही उघडतात.